तिजोरीची किल्ली आणि भ्रूणाचा प्रश्न

राज्यसत्तेला आवर घालण्याची साधने मानवाने अनेक शोधली. त्यांत सर्वांत जुने साधन म्हणजे तिजोरीची किल्ली. तलवार राजाच्या हाती असली तरी थैलीचे बंद प्रजेच्या प्रतिनिधींच्या हाती असावेत, या तत्त्वापायी इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात यादवी माजली आणि अखेर १६८९ च्या हक्कांच्या सनदेने पार्लमेंटच्या संमतीवाचून पैसा उभारणे बेकायदा ठरविले. १७८७ साली फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली, तेव्हा हेच तत्त्व तिच्या पहिल्या अनुच्छेदाच्या नवव्या कलमात एका वाक्यात उतरले. कायद्याने विनियोजन झाल्यावाचून सरकारी खजिन्यातून पैसा काढता येणार नाही, असे ते वाक्य सांगते. भारताच्या संविधानातील ११४ आणि २६६ या अनुच्छेदांतही हाच बंध संचित निधीवर घातलेला आहे.

पैसा कोणाच्या संमतीने खर्चावयाचा, हे या वाक्याने ठरले. पैसा कशावर खर्चावयाचा नाही, याविषयी मात्र घटना जवळजवळ मौन पाळते. रस्ते, बंदरे आणि सैन्य यांच्या बाबतीत हे मौन फारसे जाणवत नाही. परंतु एखाद्या वैद्यकीय संशोधनातून असाध्य रोगावर उपाय निघेल अशी एका नागरिकाला आशा वाटावी, आणि त्याच संशोधनात मनुष्यहत्या होते असे दुसऱ्याला तितक्याच प्रामाणिकपणे वाटावे, अशी वेळ आली म्हणजे काय करावयाचे? कर तर दोघेही भरतात. त्या सामाईक पैशाचा विनियोग कोणाच्या सद्सद्विवेकबुद्धीप्रमाणे व्हावा? अमेरिकेत मानवी भ्रूणावरील संशोधनाच्या निमित्ताने हा प्रश्न १९७४ पासून चाळीस वर्षे राष्ट्राध्यक्षांपुढे, काँग्रेस या तेथील संसदेपुढे, मतदारांपुढे आणि न्यायालयांपुढे येत राहिला. घटनेने सरकारच्या हातावर घातलेल्या मर्यादा प्रत्यक्षात कशा चालतात, हे त्या इतिहासातून स्पष्ट दिसते.

या इतिहासाचा आरंभ गर्भपाताच्या वादात आहे. १९७३ साली रो विरुद्ध वेड या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा अधिकार घटनासिद्ध मानला. (हा निर्णय त्याच न्यायालयाने २०२२ साली रद्द केला.) गर्भपात कायदेशीर झाल्याबरोबर, गर्भावर प्रयोग होतील अशी भीती उत्पन्न झाली आणि १९७४ साली काँग्रेसने जिवंत मानवी गर्भावरील संशोधनास संघसरकारचा पैसा देणे काही काळ थांबविले. १९७५ साली नवे नियम झाले. शरीराबाहेर फलित केलेल्या मानवी बीजांडावरील कोणत्याही संशोधनाला सरकारी अनुदान हवे असेल, तर ते प्रथम एका नीतिविषयक सल्लागार मंडळापुढे गेले पाहिजे, असे त्यांत ठरले.

नियम झाला, पण मंडळ अस्तित्वात यावयास १९७८ साल उजाडले. त्याच वर्षी इंग्लंडात जगातील पहिले नलिकाबाळ जन्मास आले. मंडळाने १९७९ साली आपला अहवाल दिला. काही मर्यादा पाळून असे संशोधन नीतीला धरून होऊ शकते, असे मत त्याने दिले. चौदा दिवसांपलीकडे भ्रूण वाढवू नये, ही त्यांतील एक मर्यादा होती. हा अहवाल सरकारने स्वीकारला नाही आणि नाकारलाही नाही. १९८० साली मंडळाची मुदत संपली, त्याला पुढे पैसा मिळाला नाही आणि ते विसर्जित झाले. मंडळ नाही म्हणून संमती नाही, आणि संमती नाही म्हणून अनुदान नाही, असा क्रम पुढे तेरा वर्षे चालला. व्हँडरबिल्ट विद्यापीठातील पियर सूपार या संशोधकाचा अर्ज १९७७ पासून या वाटेवर होता. शास्त्रीय परीक्षणात तो उत्तीर्ण झाला होता. अनुदान न मिळताच १९८१ साली सूपार मरण पावले. त्यांच्या संशोधनावर कोणत्याही कायद्याने बंदी घातली नव्हती, आणि कोणत्याही सभागृहात त्यावर मतदान झाले नव्हते. एक रिकामी खुर्ची भरली गेली नाही, एवढ्याने बंदीचे काम झाले होते.

सरकारने एखाद्या गोष्टीला पैसा नाकारला, तर नागरिकाचा हक्क हिरावला जातो काय, हा घटनात्मक प्रश्न याच सुमारास दुसऱ्या मार्गाने सर्वोच्च न्यायालयापुढे आला. गरिबांच्या वैद्यकीय साहाय्यनिधीतून गर्भपाताचा खर्च देऊ नये, असे एक जोडकलम १९७६ पासून दरवर्षीच्या विनियोजन कायद्यात घातले जात होते. हॅरिस विरुद्ध मॅक्रे या खटल्यात ३० जून १९८० रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी ते कलम वैध ठरविले. या निर्णयातील दोन विचार पुढील साऱ्या वादाला पायाभूत ठरले. नागरिकाला एखादा हक्क आहे म्हणून त्या हक्काच्या उपभोगाचा खर्च सरकारने उचललाच पाहिजे असे नाही, हा पहिला. सरकारने वाटेत अडथळा उभा करू नये, एवढेच घटना सांगते. वाटेवरची गरिबी सरकारने निर्माण केलेली नसेल, तर ती दूर करण्याची घटनात्मक जबाबदारी त्याच्यावर येत नाही. एखादा कायदा एखाद्या धर्मपंथाच्या शिकवणुकीशी जुळतो, एवढ्यावरून तो धर्मसंस्था व राज्यसंस्था यांच्या फारकतीचा भंग करतो असे होत नाही, हा दुसरा विचार होय. चोरी निषिद्ध मानणारे धर्म अनेक आहेत, म्हणून चोरीविरुद्धचा कायदा धार्मिक ठरत नाही.

या निर्णयाचा अर्थ संशोधकांच्या दृष्टीने कठोर होता. अनुदान हा हक्क नव्हे. काँग्रेसने ते द्यावे किंवा न द्यावे, आणि न देण्याचे कारण नैतिक असले तरी चालेल. पण या निर्णयाची दुसरी बाजूही होती. ज्याला काँग्रेस पैसा देते, त्याला पैसा मिळू नये असे म्हणणाऱ्या नागरिकालाही केवळ करदाता या नात्याने घटना फारसा आधार देत नाही. दोन्ही पक्षांना लढावयाचे तर रणांगण एकच उरले, आणि ते म्हणजे दरवर्षीच्या विनियोजन कायद्याचा मसुदा.

१९९३ साली बिल क्लिंटन यांच्या कारकीर्दीच्या प्रारंभी काँग्रेसने सल्लागार मंडळाची ती अट कायद्यानेच काढून टाकली. राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांचे एक मंडळ नेमले आणि सप्टेंबर १९९४ मध्ये त्याने अहवाल दिला. वंध्यत्वावरील उपचारांत उरलेल्या भ्रूणांवर, आणि काही थोड्या प्रसंगी केवळ संशोधनासाठी निर्माण केलेल्या भ्रूणांवरही, सरकारी खर्चाने संशोधन होऊ शकेल, असा त्याचा निष्कर्ष होता. क्लिंटन यांनी २ डिसेंबर १९९४ रोजी यांतील दुसऱ्या प्रकाराला नकार दिला आणि पहिल्या प्रकाराला वाट मोकळी ठेवली. परंतु त्याआधीच्याच महिन्यात निवडणुका होऊन काँग्रेसची दोन्ही सभागृहे विरोधी पक्षाच्या हाती गेली होती. अर्कान्सासचे जे डिकी आणि मिसिसिपीचे रॉजर विकर या दोन प्रतिनिधींनी आरोग्यखात्याच्या विनियोजनाला एक जोडकलम लावले आणि २६ जानेवारी १९९६ रोजी ते कायद्यात आले. संशोधनासाठी मानवी भ्रूण निर्माण करणे, तसेच ज्या संशोधनात भ्रूण नष्ट केले जातात, टाकून दिले जातात किंवा जाणूनबुजून धोक्यात घातले जातात असे संशोधन, यांवर या निधीतील पैसा खर्चता येणार नाही, असा त्या कलमाचा आशय होता. क्लिंटन यांनी त्या कायद्यावर सही केली. खात्यांचा सारा खर्च ज्या कायद्याने मंजूर होतो, तो एका वाक्यासाठी परत पाठविणे कोणत्याही राष्ट्राध्यक्षाला सोपे नसते. विनियोजनाचा कायदा एका वर्षापुरता असतो, म्हणून हे जोडकलमही एका वर्षाचेच. पण १९९६ नंतर आलेल्या प्रत्येक काँग्रेसने ते पुन्हा पुन्हा मंजूर केले.

डिकी आणि विकर यांनी हे वाक्य लिहिले तेव्हा मानवी भ्रूणापासून मूलपेशी कोणी वेगळ्या केलेल्या नव्हत्या. फलित बीजांड पाच-सहा दिवसांचे झाले म्हणजे ते एक पोकळ गोलक बनते. टाचणीच्या टोकाएवढाही त्याचा आकार नसतो. त्याच्या आतील बाजूस पेशींचा एक लहानसा पुंजका असतो आणि शरीरातील यच्चयावत् ऊती त्यातूनच घडतात. हा पुंजका वेगळा काढून वाढविला, तर त्या पेशी दीर्घकाळ विभागत राहतात आणि त्यांपासून हृदयाच्या, मज्जातंतूंच्या किंवा स्वादुपिंडाच्या पेशी घडविता येतात. मधुमेह, कंपवात, मज्जारज्जूची इजा यांनी पीडित झालेल्यांना यांत आशेचा किरण दिसला. मात्र पुंजका काढला म्हणजे तो भ्रूण संपतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स टॉमसन यांनी ही गोष्ट प्रथम साधली आणि ६ नोव्हेंबर १९९८ च्या ‘सायन्स’ नियतकालिकात तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांनी पाच पेशीवंश तयार केले होते. जोडकलमाच्या भीतीने हे काम त्यांनी सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेपासून दूर, स्वतंत्र खोलीत, जेरॉन या खाजगी कंपनीच्या पैशावर केले होते.

आता प्रश्न असा आला, की भ्रूण खाजगी पैशाने नष्ट झाला आणि पेशी मागे राहिल्या, तर त्या पेशींवरील पुढील संशोधनाला सरकारने पैसा द्यावा काय? आरोग्यखात्याच्या प्रमुख विधी सल्लागार हॅरिएट रॅब यांनी १५ जानेवारी १९९९ रोजी अभिप्राय दिला, की मूलपेशी हा भ्रूण नव्हे, कारण तिच्यापासून संपूर्ण जीव घडू शकत नाही. म्हणून जोडकलमाचा निषेध तिला लागू नाही. विरोधकांनी याला पळवाट म्हटले. चोरी दुसऱ्याने करावी आणि माल आपण घ्यावा, अशातला हा प्रकार आहे, असा त्यांचा आक्षेप होता. समर्थकांचे म्हणणे असे, की कायद्याचे शब्द जेवढे आहेत तेवढेच वाचावयाचे असतात. ऑगस्ट २००० मध्ये या अभिप्रायाला अनुसरून नियम प्रसिद्ध झाले, परंतु त्यांखाली एकही अनुदान मिळण्यापूर्वी सत्तांतर झाले.

नवे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ९ ऑगस्ट २००१ रोजी रात्री टेक्सासमधील आपल्या निवासस्थानाहून राष्ट्राला उद्देशून भाषण केले. त्या क्षणापूर्वी जे पेशीवंश सुरू झाले असतील, त्यांवरील संशोधनाला सरकारी पैसा मिळेल. त्यानंतर नष्ट होणाऱ्या भ्रूणापासून झालेल्या पेशींना मिळणार नाही, असा निर्णय त्यांनी जाहीर केला. जो भ्रूण गेला तो परत येत नाही, पण पुढच्या भ्रूणाच्या नाशाला सरकारी पैशाचे आमिष असू नये, हा त्यामागील विचार होता. थोड्याच दिवसांत राष्ट्रीय आरोग्य संस्थेने दहा प्रयोगशाळांतील ६४ पेशीवंशांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात स्वीडन, इस्रायल आणि ऑस्ट्रेलिया यांच्याबरोबर भारताचेही नाव होते. मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे सात आणि बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे तीन पेशीवंश तिच्यात नोंदलेले होते. परंतु यादीतील बहुतेक वंश एक तर टिकले नाहीत किंवा संशोधकांच्या हाती पडले नाहीत. प्रत्यक्ष वाटपासाठी उपलब्ध झाले ते वीस-बावीसच, आणि त्यांत भारतातील एकही नव्हता. शिवाय ते बहुतेक उंदराच्या पेशींच्या आधारावर वाढविलेले असल्याने रोग्याच्या शरीरात घालण्यास अयोग्य ठरण्याचा संभव होता.

या निर्णयाचा प्रयोगशाळांच्या दैनंदिन व्यवहारावर झालेला परिणाम प्रशासनाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. यादीबाहेरच्या पेशींवर खाजगी पैशाने काम करण्यास कोणतीही आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती सरकारी पैशाने घेतलेले सूक्ष्मदर्शक यंत्र त्या पेशींसाठी वापरण्याला. म्हणून अनेक विद्यापीठांनी तीच उपकरणे दुसऱ्यांदा विकत घेतली, वेगळ्या खोल्या बांधल्या आणि वेगळ्या खातेवह्या ठेवल्या. हार्वर्ड येथील डग्लस मेल्टन यांनी २००४ साली खाजगी साहाय्यावर सतरा नवे पेशीवंश तयार करून जगभरच्या संशोधकांना देऊ केले. पण सरकारी अनुदानावर जगणाऱ्या अमेरिकन प्रयोगशाळेला त्यांना सरकारी पैशाने हात लावता येत नव्हता. घटनेतील एका वाक्याचा अंमल असा उपकरणांवरील चिठ्ठ्यांपर्यंत येऊन पोहोचला होता.

काँग्रेसचे मतही दरम्यान पालटत होते. रोग्यांच्या आप्तांचा आवाज आता सभागृहांत ऐकू येऊ लागला होता. माजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांना स्मृतिभ्रंशाने ग्रासले असता त्यांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांनी मे २००४ मध्ये या संशोधनाला जाहीर पाठिंबा दिला. वंध्यत्वाच्या उपचारांत उरलेले आणि टाकून दिले जाणारे भ्रूण त्यांच्या मातापित्यांच्या संमतीने संशोधनाला द्यावेत, असे विधेयक प्रतिनिधिगृहाने २००५ साली २३८ विरुद्ध १९४ आणि सिनेटने १८ जुलै २००६ रोजी ६३ विरुद्ध ३७ मतांनी संमत केले. दुसऱ्याच दिवशी बुश यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. साडेपाच वर्षांच्या कारकीर्दीतील त्यांचा हा पहिला नकाराधिकार होय. तो फिरविण्यास लागणारे दोनतृतीयांश बहुमत जमले नाही. २००७ च्या जून महिन्यात हाच प्रसंग पुन्हा घडला.

संघसरकारची तिजोरी बंद झाली, पण अमेरिकेत घटकराज्यांच्या तिजोऱ्या वेगळ्या आहेत. २ नोव्हेंबर २००४ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ५९ टक्के मतांनी एक प्रस्ताव संमत केला. मूलपेशींच्या संशोधनासाठी ३०० कोटी डॉलरचे कर्जरोखे काढावेत, एक स्वतंत्र संस्था स्थापावी, आणि मूलपेशींवर संशोधन करण्याचा हक्क राज्याच्या घटनेतच नमूद करावा, असा तो प्रस्ताव होता. या प्रस्तावाचे प्रमुख पुरस्कर्ते रॉबर्ट क्लाइन हे गृहबांधणीच्या व्यवसायातील गृहस्थ होते आणि त्यांच्या मुलाला मधुमेह होता. ज्या विषयावर राष्ट्राच्या घटनेने मौन पाळले, त्यावर एका घटकराज्याच्या घटनेने असा स्पष्ट कौल दिला.

कौल मिळाला, तरी पैसा हाती यावयास तीन वर्षे गेली. विरोधक न्यायालयात गेले आणि त्यांनी घटनेतीलच एका जुन्या तत्त्वाचा आधार घेतला. राज्याच्या पूर्ण ताब्यात नसलेल्या कोणत्याही संस्थेला सार्वजनिक पैसा देऊ नये, असे कॅलिफोर्नियाची घटना सांगते. नव्या संस्थेचा कारभार २९ सदस्यांच्या एका नागरिक समितीकडे होता आणि त्यांतील कित्येक सदस्य ज्या विद्यापीठांना अनुदान मिळावयाचे त्यांच्याशीच संबंधित होते. देणारा आणि घेणारा एकच असेल तर राज्याचा ताबा राहिला कोठे, असा त्यांचा सवाल होता. तो पोकळ म्हणता येणार नाही. भ्रूणाविषयी ज्यांना काही वाटत नाही, अशा करदात्यालाही तो पडावा. सदस्यांची नेमणूक लोकनियुक्त अधिकारी करतात, हिशेब तपासले जातात, सभा उघड्या होतात, म्हणून राज्याचा ताबा पुरेसा आहे, असा निर्णय प्रथम न्यायालयाने २००६ साली आणि अपील न्यायालयाने २००७ च्या फेब्रुवारीत दिला. त्याच वर्षी मे महिन्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फेरविचार नाकारला आणि रोख्यांची वाट मोकळी झाली. मधल्या काळात, बुश यांच्या पहिल्या नकाराधिकाराच्या दुसऱ्याच दिवशी, गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी १५ कोटी डॉलरचे कर्ज या संस्थेला देवविले होते. हे दोघेही एकाच पक्षाचे होते.

सर्वच राज्ये या वाटेने गेली नाहीत. न्यू जर्सीच्या मतदारांनी नोव्हेंबर २००७ मध्ये ४५ कोटी डॉलरच्या अशाच कर्जरोख्यांना नकार दिला. कॅलिफोर्नियातही २०२० साली आणखी ५५० कोटी डॉलरचा प्रस्ताव आला, तेव्हा तो जेमतेम ५१ टक्के मतांनी तरला. मतदाराला नीतीबरोबर कर्जाच्या व्याजाचाही विचार करावा लागतो.

९ मार्च २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी बुश यांचे निर्बंध एका आदेशाने उठविले आणि जुलैमध्ये नवे नियम अमलात आले. परंतु राष्ट्राध्यक्षाचा आदेश काँग्रेसच्या कायद्याहून मोठा नसतो, आणि डिकी-विकर जोडकलम कायम होते. प्रौढ मूलपेशींवर काम करणारे दोन संशोधक, जेम्स शर्ली आणि थेरेसा डिशर, न्यायालयात गेले. आरंभी त्यांच्याबरोबर भ्रूणांच्या वतीनेही दावा मांडलेला होता. तो टिकला नाही. या दोघांचा दावा टिकला, आणि तो केवळ एका व्यवहारी कारणाने. भ्रूणीय पेशींच्या संशोधकांना पैसा मिळू लागला, तर त्याच निधीसाठी स्पर्धा वाढेल आणि त्यांचा स्वतःचा वाटा मिळणे कठीण होईल, हे नुकसान न्यायालयाने ग्राह्य धरले. जीवनाच्या पावित्र्याविषयीचा एवढा मोठा प्रश्न न्यायालयाच्या दारातून आत आला तो अनुदानाच्या स्पर्धकांच्या नात्याने.

२३ ऑगस्ट २०१० रोजी न्यायाधीश रॉइस लॅम्बर्थ यांनी मनाई हुकूम दिला. संशोधन ही एकसंध क्रिया आहे, पेशी मिळविणे हा तिचाच भाग आहे आणि तो भाग भ्रूणाच्या नाशावाचून होत नाही, म्हणून सारे संशोधन निषिद्ध आहे, असे त्यांचे मत होते. त्या सप्टेंबरमध्ये नूतनीकरणाला येणारी सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलरची बावीस अनुदाने अडली. राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या स्वतःच्या प्रयोगशाळांना काम आवरते घेण्यास सांगण्यात आले. या पेशींना जवळजवळ रोज पोषण द्यावे लागते. वर्षानुवर्षे जोपासलेले पेशीवंश आज वाढवावेत की गोठवावेत, असा प्रश्न एका सकाळी संशोधकांपुढे उभा राहिला. सप्टेंबरमध्येच अपील न्यायालयाने त्या हुकुमाला स्थगिती दिली, म्हणून मोठा अनर्थ टळला.

अपिलाचा निकाल २९ एप्रिल २०११ रोजी दोन विरुद्ध एक अशा मतांनी लागला. न्यायाधीश डग्लस गिन्सबर्ग यांनी लिहिलेल्या निर्णयात क्रियापदाच्या काळाचा विचार आहे. ज्या संशोधनात भ्रूण ‘नष्ट केले जातात’, असे कलम म्हणते. ‘केले गेले होते’ असे म्हणत नाही. वर्तमानकाळाचा अर्थ वर्तमानातच घ्यावयाचा, तर पूर्वी केव्हातरी मिळविलेल्या पेशींवरील आजचा प्रकल्प त्यांत बसत नाही. कलमाचा अर्थ संदिग्ध आहे, आणि संदिग्ध असेल तेथे खात्याने लावलेला वाजवी अर्थ मान्य केला पाहिजे. शिवाय १९९९ पासून खाते हा अर्थ लावीत आहे हे ठाऊक असूनही काँग्रेसने दरवर्षी तेच शब्द पुन्हा मंजूर केले आहेत. असहमत न्यायाधीश कॅरेन हेंडरसन यांना हा तर्क शब्दांची ओढाताण वाटला. लॅम्बर्थ यांनी वरिष्ठ न्यायालयाचा अर्थ शिरोधार्य मानून २७ जुलै २०११ रोजी दावा काढून टाकला. पुढल्या वर्षी अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला आणि ७ जानेवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात लक्ष घालण्याचे नाकारले.

या साऱ्या काळात विज्ञान थांबले नव्हते. जपानमध्ये शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या प्रौढ पेशींना भ्रूणीय मूलपेशींसारखे रूप देण्याची युक्ती शोधली. त्यासाठी २०१२ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. भ्रूण नष्ट न करता तेच साध्य होईल, या शोधाने वादाची धार पुष्कळ बोथट झाली. पण नव्या पेशी खऱ्या मूलपेशींच्या तोडीच्या आहेत की नाहीत, हे ताडण्यासाठी तुलनेला मूळ भ्रूणीय पेशी लागत होत्याच.

इतर देशांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला. ब्रिटनने १९९० च्या कायद्याने एक प्राधिकरण नेमले. भ्रूणावर संशोधन करावयाचे तर पैसा सरकारी असो वा खाजगी, परवाना घेतलाच पाहिजे, आणि चौदा दिवसांची मर्यादा सर्वांना सारखीच. जर्मनीच्या मूलभूत कायद्याचे पहिलेच कलम मानवी प्रतिष्ठा अनुल्लंघनीय मानते. तेथे संशोधनासाठी भ्रूण नष्ट करणे हाच गुन्हा ठरविण्यात आला आणि २००२ च्या कायद्याने ठराविक तारखेपूर्वीच्या पेशीच परदेशातून आणण्याची सवलत ठेवली. अमेरिकेने संघराज्याच्या पातळीवर भ्रूणाच्या संशोधनाचा असा सर्वांना बांधणारा कायदा केला नाही. तेथील निर्बंध तिजोरीपुरता राहिला. त्यामुळे ज्या संशोधनाला सरकारने हात लावला नाही, त्यावर नैतिक देखरेख करण्याची सरकारची संधीही कमी झाली, कारण सरकारी अटी सरकारी पैशाच्या मागोमागच जातात. सूपार यांच्या अर्जाला उत्तर मिळाले नाही, तरी नलिकाबाळांची रुग्णालये खाजगी पैशावर देशभर उघडतच राहिली. त्यांतील शीतपेट्यांत उरलेल्या भ्रूणांचा साठा वाढत गेला, आणि पुढील वाद त्या साठ्यावरूनच झाला.

तथापि या पद्धतीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. भ्रूण म्हणजे मनुष्य की नव्हे, हे घटनेने ठरवून टाकले असते, तर हरलेल्या पक्षाला घटना बदलण्यावाचून दुसरा मार्ग उरला नसता. एका वर्षापुरत्या जोडकलमाने कोणालाच कायमचे हरविले नाही. दरवर्षी ते वाक्य सभागृहापुढे येते, दरवर्षी ते बदलता येते, आणि ज्यांना ते बदलावयाचे आहे त्यांना आपल्या देशबांधवांचे मन वळविण्यावाचून गत्यंतर नसते. या विलंबाची किंमत रोग्यांनी दिली, असे एक पक्ष म्हणतो. ती भ्रूणांनी दिली, असे दुसरा पक्ष म्हणतो. एका अर्थाने दोघांचेही हिशेब खरे आहेत, आणि ते मिटविण्याचा अधिकार न्यायालयांनी आपल्याकडे घेतला नाही. कलमाचा अर्थ सांगून ती थांबली.

भारतातही मूलपेशींच्या संशोधनासाठी २००७ पासून भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी मार्गदर्शक नियम घालून दिले आहेत, आणि येथेही या संशोधनाचा मोठा भाग सार्वजनिक पैशावर चालत आला आहे. संचित निधीतून पैसा काढण्यास संसदेचा कायदा हवा, हे आपले संविधान सांगते. तो कशासाठी काढू नये, हे येथेही संसदेने आणि तिला निवडून देणाऱ्या नागरिकांनी ठरवावयाचे आहे. अर्थसंकल्पाच्या मागण्या चर्चेवाचून संमत होतात, तेव्हा असे प्रश्नही चर्चेवाचूनच सुटतात, किंवा त्या सल्लागार मंडळाच्या रिकाम्या खुर्चीप्रमाणे न सुटताच राहतात.